बिनदेठाचं शेवाळ

शेवाळ ही बघायची वस्तू आहे हे मला लग्नानंतर कळलं. तोवर ती खरवडायची वस्तू होती. आमच्या रत्नागिरीकडे पाऊस लागला की थोड्या दिवसांत सगळं हिरवं होतं. दगडी कुंपणाचे गडगे, चिरे, विहिरीचा काठ, माडांची खोडं, न्हाणीची भिंत, काही म्हणून सुटत नाही. त्याच्यावरून पाय घसरतो, घागरी फुटतात, म्हाताऱ्या माणसांची कंबर मोडते. त्याला कोणी सुंदर म्हणालं की मी अजूनही त्या माणसाच्या पायांकडे बघते. हा कधी पडलेला नाही, हे तिथे कळतं.

एकोणीसशे तीसच्या आगेमागेची गोष्ट आहे. साल मला नक्की सांगता येणार नाही.

आमचं घर पाखाडीवर होतं. जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची ती वाट वरच्या रस्त्यापासून सुरू होऊन वाडीतून खाली खाडीपर्यंत उतरत जाई. मध्ये मध्ये सपाट टप्पे होते. त्यातला एक टप्पा आमच्या आवाराच्या फाटकासमोर होता. फाटकातून आत आलं की उजव्या हाताला दोण, म्हणजे एका मोठ्या चिऱ्यात कोरून काढलेलं पाण्याचं भांडं, आणि तिच्याशेजारी पाय धुवायचा दगड. पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही हा सासूबाईंचा कायदा होता. मामंजींनाही त्यातून सूट नव्हती. धुतलेलं पाणी खालच्या अळवात जाई. अळू आमचं बारमाही होतं आणि सासूबाईंना ते फार प्रिय.

हे, म्हणजे माझे यजमान, मुंबईला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. नोकरी हंगामी होती. काम म्हणजे वाळवलेली झाडंपानं पुड्यांत घालायची, पुड्यांवर गाव आणि तारीख घालायची, मुलांना भिंगं द्यायची आणि तास संपला की पुसून परत ठेवायची. कायम झाले तर खोली घेऊन मला न्यायची, असं ठरलेलं होतं. तोवर मी सासरी. मला मुंबईला जायचं होतं. हे कोणापुढे बोलायची सोय नव्हती, पण जायचं होतं हे खरं.

एका वर्षी हे गणपतीच्या चार दिवस आधी, पाखाडी खरवडायच्या आत घरी आले ते खिशात भिंग घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणत होते, तर हे टप्प्यावर पोटावर पालथे पडलेले. मला वाटलं, घसरले.

"अहो, लागलं काय?"

"इकडे ये. घागर ठेव. खाली बस."

त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. चिऱ्यांच्या सांध्यातल्या लाल मातीवर बारीक शेवाळ होतं, केसाएवढं. आमच्या विहिरीवरच्या शेवाळाला केसरासारखे देठ येतात आणि देठाच्या टोकाला बोंड असतं, ते मी पाहिलेलं होतं. ह्याला देठ नव्हता. बोंड पानांच्या बुडाशीच बसलेलं, घरट्यात अंडं असावं तसं. ह्यांनी सुईने ते फोडलं. आत थोडे दाणे होते, मोठे आणि गोल.

"बाकीच्यांत असा दाणा दिसतच नाही, धूळ असते," हे म्हणाले. "हे फक्त घाटमाथ्यावर मिळालंय आजवर. समुद्राकाठी कोणालाच नाही." त्यांचा आवाज कापत होता. शेवाळासाठी माणसाचा आवाज कापतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी ते पुडीत घालून नेलं आणि आपल्या प्रोफेसरांना दिलं. तिथून खरी काळजी सुरू झाली.

वैशाखात सुट्टीवर आले तेव्हा ह्यांची तब्येत उतरलेली होती. जेवता जेवता त्यांनी सांगितलं. प्रोफेसरांचा विश्वास बसला नव्हता. घाटमाथ्यावरच्या त्याच शेवाळाच्या पुड्या कॉलेजात होत्या आणि त्या ह्यांच्याच हाताखाली होत्या. प्रोफेसर उघड काही बोलले नाहीत, पण एका पुडीतलं दुसरीत घालून वर आपल्या गावाचं नाव लिहायला कितीसा वेळ लागतो, असं सगळ्यांच्या मनात आलं. छापील कागदावर आपलं नाव यावं म्हणून असं केलं असेल. आता प्रोफेसर स्वतः बघायला येणार होते. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीच्या सुमारास बोट सुरू झाली की. शेवाळ जागेवर दिसलं तर नोकरी कायम. नाही दिसलं तर पुड्या बदलणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेत कोण ठेवणार?

"शेवाळ बघायला माणूस येणार? बोटीतून ओकत?" सासूबाई म्हणाल्या.

"मूळचे पुण्याचे आहेत ते."

"हां, मग येतील."

"आई, थट्टा नको. तो टप्पा ह्या वर्षी कोणी खरवडायचा नाही. माती हलवायचीसुद्धा नाही."

सासूबाईंना ते का पटणार नाही, हे मला माहीत होतं. गणपतीच्या आधी सगळी पाखाडी खरवडून घ्यायची ही वाडीची रीत होती. मूर्ती डोक्यावरून आणतात. आणणाऱ्याचा पाय घसरता कामा नये. माझ्या लग्नाआधी एकदा ह्याच टप्प्यावर मामंजींचा पाय सरकला होता. ते पडले नाहीत, पण मूर्तीची सोंड गडग्याला लागून दुखावली. त्याच वर्षी ह्यांचा धाकटा भाऊ तापाने गेला. ह्या दोन गोष्टी एकत्र कोणी उच्चारत नसे. पण दर वर्षी पाखाडी खरवडताना सासूबाई स्वतः ओणव्या होऊन आमच्या टप्प्यावर हात फिरवून बघत.

"मूर्ती खालच्या शेतातून फिरवून आणू," मामंजी म्हणाले.

"चिखलातून? देवाला?"

"मग दारात फळी टाकू."

बराच वेळ असंच चाललं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राहू दे त्याचा टप्पा. काट्या टाकून ठेवते, म्हणजे कोणी पाय देणार नाही. मूर्ती यायच्या वेळी फळी घालू. पण वाडीत हे कोणी बोलायचं नाही. सांगू काय लोकांना? आमच्या दारातलं शेवाळ बघायला साहेब येतोय? उद्या शेण बघायला कोण येतंय म्हणून विचारतील."

ते आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. चूक तिथे झाली. पण तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

पाऊस लागला. मी रोज सकाळी दार उघडलं की आधी टप्पा बघत असे. आषाढात माती नुसती लाल होती. मला वाटलं, गेलं, उन्हाळ्यात मेलं. माझ्याजवळ भिंग नव्हतं आणि विचारायला माणूस नव्हता. श्रावणात सांध्यांतून बारीक हिरवं दिसू लागलं. ते तेच की दुसरं, कळेना. बोटाने चाचपायची भीती, चाचपल्याशिवाय राहवत नव्हतं. ढोरं खाली चरायला नेताना गुराख्याला मी वाटेवर आडवी उभी राहून कडेने घालवत असे. तो म्हणे, "वयनी, सोनं पुरलंय काय हितं?" मी हसत असे. रात्री जोराचा पाऊस झाला की मला झोप नसे. पाणी माती घेऊन गेलं तर? सगळा संसार बोटभर मातीवर टेकून ठेवल्यासारखा झाला होता, आणि हे मुंबईला. तिथून त्यांना काही करता येत नव्हतं आणि इथे मलाही.

हरतालिकेच्या दिवशी बोट यायची होती. मामंजी सकाळीच बैलगाडी घेऊन बंदराकडे गेले. आमचा दोघींचा उपास. वाडीतल्या सगळ्या बायका खालच्या टोकाच्या एका घरी पूजेला जमत, तशा आम्ही गेलो. वाळूची पिंडी, पत्री, कहाणी, सगळं सावकाश चालतं. माझं लक्ष कहाणीत नव्हतं. वरून पाखाडीवर चिऱ्यांवर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. तो दर वर्षीच येई. पुरुषमाणसं त्या दिवशी पाखाडी खरवडत. आमचा टप्पा काट्यांनी झाकलेला आहे हे मला ठाऊक होतं, तरी राहवेना. मी सासूबाईंच्या कानाशी लागले, "मी जरा वर जाऊन येते."

"कहाणीतून उठू नये. बस."

बसले.

परत आलो तेव्हा खालच्या घरातले भावोजी आमच्या फाटकाशी उभे होते. हातात खोरं, अंगावर घाम. पाखाडी लाल लखलखत होती. काट्या गडग्यावर नीट रचून ठेवल्या होत्या.

"काकी, आज बरं वाटलं आमास्नी," ते म्हणाले. "दादा मुंबईला, काका बंदरावर गेलेले. बाप्या मानूस घरात नाय म्हणून तुमचा टप्पा तसाच राह्यला व्हता. मगाशी म्हटलं, आपन काय मेलाव काय? आमी समद्यांनी मिळून आधी तुमचाच केला. सांधे टोकरून काडले, वर वाळू मारून घासला. आता उघडं पोर धावलं तरी पडायचं नाय!"

सासूबाईंचा चेहरा मी बघितला नाही. त्या म्हणाल्या, "बरं केलंत हो. देव भलं करो." दुसरं काय म्हणणार? त्या माणसांनी आमच्यावर उपकारच केले होते. भावोजी गेले आणि सासूबाई दोणीशेजारच्या दगडावर बसल्या.

मी सगळी माणसं गेलेली पाहून टप्प्यावर पालथी पडले. सांध्यांत खिळ्याएवढीही माती नव्हती. काढलेली माती कुठे टाकली असेल? दर वर्षी ती माडांच्या आळ्यांत टाकत. मी धावले. प्रत्येक माडाच्या बुडाशी चिखल आणि शेवाळाचा लगदा होता, पूर्ण वाडीच्या पाखाडीचा मिळून एक. मी तो चिवडत बसले. पोटात अन्न नाही, वर ढग. जे हाताला लागेल त्याला देठ होते, नाहीतर नुसता लिबलिबीत चिखल. ह्यांचं ते शेवाळ त्यात असेलही. नसेलही.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"विहिरीवरचं काढून आण. लाव त्या सांध्यात. हिरवं ते हिरवं."

"त्यांच्याकडे भिंग आहे, आई."

"मग?"

"मग आज नुसता संशय आहे. उद्या पुरावा होईल."

त्या म्हणाल्या, "हात धू. गाडी येईल."

गाडी तिसऱ्या प्रहरी आली. हे वरच्या रस्त्यावरच उतरून धावत पाखाडी उतरले. टप्प्यावर येऊन थांबले. खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं. हातातली मिटलेली छत्री त्यांनी उघडली आणि परत मिटली. पाऊस नव्हता.

"वाडीतल्यांनी," मी म्हटलं. "आम्ही पूजेला गेलो होतो."

त्यांनी मान हलवली. कोणाला बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मागून मामंजी आणि प्रोफेसर आले. प्रोफेसर उंच, वाळके, कोट घातलेले, पायांत बूट. बोटीने त्यांचा चेहरा पिवळा पडलेला होता. ते टप्प्यावर उभे राहिले.

"हाच का तो?"

"हो सर," हे म्हणाले. "गणपतीसाठी आज सकाळी साफ केला. आम्हांला न विचारता."

"आज सकाळी." प्रोफेसरांनी बुटाच्या टोकाने चिरा चाचपला. "स्वच्छ आहे."

टोमणा होता की नुसतं बोलणं, मला कळलं नाही. फाटकातून आत आल्यावर मी पाय धुवायला पाणी पुढे केलं, तर ते म्हणाले, "राहू द्या, बूट आहेत," आणि किलतानाच्या पोत्यावर बूट पुसून पडवीत गेले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, पण पाहुणा होता.

संध्याकाळी पुरुष जेवायला बसले. आम्हा दोघींचा उपास होता, म्हणून वाढायला दोघीही मोकळ्या. मामंजींना शांतता सोसत नसे. त्यांनी विचारलं, "साहेब, ह्या शेवाळाची जात कोणती?"

"वाद तोच आहे," प्रोफेसर म्हणाले. "बहुतेक शेवाळांना देठ, बोंड, बोंडाला झाकण. ह्याला देठ नाही, झाकण नाही. काही म्हणतात, ह्याचं कूळच निराळं, एकट्याचं. काही म्हणतात, नाही, दुसऱ्या एका कुळातलंच, पण देठ गमावलेलं. मी अजून ठरवलेलं नाही."

"शेवाळाचंसुद्धा कूळ बघतात?" सासूबाई दाराआडून म्हणाल्या. "कोणाच्या घरात द्यायचंय ते?"

प्रोफेसर हसले. आल्यापासून प्रथमच. मग पुन्हा गंभीर झाले.

"माझी अडचण दुसरी आहे. इतर शेवाळांचा दाणा धुरासारखा असतो. वारा नेतो, डोंगर ओलांडतो. ह्याचा दाणा जड. पडला तिथे पडला. मग घाटमाथ्यावरचं हे खाली समुद्राकाठी आलं कसं?"

हे ताटातला भात एका बाजूने दुसऱ्या बाजूला सारत होते.

"मला तुमच्यावर काही लादायचं नाही," प्रोफेसर त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "पूर्वी एका विद्यार्थ्यावर विश्वास ठेवून मी एक नोंद छापली. ती खोटी निघाली. लोक अजून हसतात. आता न बघता मी काहीही छापत नाही."

जेवणं झाल्यावर त्यांनी एक नकाशा पसरला. ताटं उचलताना मी तो पाहिला. घाटावर शाईचे ठिपके होते. रत्नागिरीच्या जागी पेन्सिलीचं एक गोल आणि त्याच्या बाजूला प्रश्नचिन्ह. मला चौथीपर्यंत वाचायला शिकवलेलं होतं. ते चिन्ह माझ्या नवऱ्याबद्दल होतं हे कळायला तेवढं पुरे होतं.

चतुर्थीला सकाळी ह्यांनीच मूर्ती आणली. डोक्यावर पाट, पाटावर गणपती, वरून छत्री धरलेली. उघड्या कोरड्या टप्प्यावरून हे चालत आले. खाली बघितलं नाही. सासूबाईंनी ओवाळताना मोठा श्वास सोडला, मग मुलाचा चेहरा बघितला. एका चिंतेतून सुटून त्या दुसरीत पडल्या होत्या.

पूजा झाल्यावर तिघे पुरुष शोधायला निघाले. शेजारच्या वाड्या, वरचा सडा म्हणजे कातळाचा माळ, आरे-वाऱ्याकडे जाणारी वाट. सगळ्या पाखाड्या खरवडलेल्या. सगळ्या. गणपती एकट्या आमच्या घरी थोडाच होता? वाटेत बायका विचारत, "काय हरवलं हो?" मामंजी सांगत, "साहेबांची किल्ली." सड्यावर कातळात शेवाळ भरपूर होतं, पण देठवालं. प्रोफेसर दर ठिकाणी वाकत, भिंग लावत, उठत. काही बोलत नसत. हे आधी दहा ठिकाणं दाखवायला धावत होते. परत येताना मागून चालत होते.

मोदक ह्यांनी पानात तसेच ठेवले. दुपारी विहिरीवर मी त्यांना गाठलं.

"आता काय?"

"काही नाही. परवा बोट."

मला एक गोष्ट विचारायची होती. ती मी वैशाखापासून विचारली नव्हती. "तुम्ही पुडी बदलली नव्हती ना?"

"तू पण?"

"तोंडाने सांगा."

"नाही बदलली."

"मग झालं. मी घागर भरते, तुम्ही चला."

ते रागावले. रागावू देत. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, ते ऐकलं. त्यांना मुंबई सोडावी लागली असती तरी माझ्या घरात मला खरं काय ते माहीत असणं भाग होतं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी भरती दुपारनंतर होती, म्हणून उन्हातच निघायचं होतं. टाळ वाजू लागले. प्रोफेसर पडवीत बूट घालून तयार उभे. सासूबाई पुढे झाल्या.

"तेवढं मात्र नको हो. देवाला पोचवायला वहाणा घालून जात नाहीत आमच्याकडे."

मामंजी कासावीस झाले. "अगो, पाहुणे आहेत."

"पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. घरचा असता तर काढून फेकले असते."

प्रोफेसरांनी बाकावर बसून बूट काढले, मोजे काढले. पाय सोललेल्या केळीसारखे पांढरे होते. पाखाडीवरून ते खडे टोचतायत तसे, एकेक पाऊल जपून टाकत उतरले. पोरं त्यांच्याकडे बघून खुदखुदत होती. खाडीत मूर्ती बुडाली, आरती झाली, वाळू आणि प्रसाद घेऊन आम्ही परत चढलो. आता त्यांच्या पायांना घोट्यापर्यंत लाल चिखल. तशा पायांनी घरात येणं त्यांनाही बरं वाटलं नसावं. ते आपणहून दोणीशेजारच्या दगडावर बसले. मी तांब्याने पाणी ओतू लागले.

एक पाय धुऊन झाला. दुसऱ्यावर पाणी घातलं आणि ते वाकलेले तसेच राहिले. मला वाटलं, घेरी आली. उपाशी नव्हते, पण उन्हात चालले होते.

"पाणी थांबवा," ते म्हणाले.

मी थांबवलं.

"माझं भिंग. कोटात आहे."

दगडाच्या खालच्या कडेला, अळवाच्या बाजूला, मातीची एक अरुंद पाळ होती. पाय धुतलेला चिखल वर्षानुवर्षं तिथे साठे. तिथे केरसुणी पोचत नसे, आणि अळवाला धक्का लागेल म्हणून सासूबाई तिथे खोरं लावू देत नसत. आम्ही सगळे त्या दगडावर रोज कितीदा बसत होतो, पण शोधायला म्हणून बाहेर जात होतो. प्रोफेसर ओल्या मातीत गुडघ्यावर आले. आधी कोट सांभाळून, मग न सांभाळता.

"इकडे या," त्यांनी ह्यांना हाक मारली. "सुई."

दोघांची डोकी अळवाच्या पानांखाली गेली. मला नुसत्या दोन पाठी दिसत होत्या. माझ्या हातात अर्धा तांब्या होता आणि तो खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. मग प्रोफेसरांचा आवाज आला, "देठ नाही." थोड्या वेळाने, "दाणे मोजता येतायत." ह्यांची पाठ हलू लागली होती.

प्रोफेसर उठले. पायांवर चिखल, गुडघ्यांवर चिखल.

"ह्या दगडावर कोण पाय धुतं?"

"सगळे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सोडून."

"आणि वहाणा?"

"चिखलाच्या असतील तर त्याही इथेच."

प्रोफेसरांनी पाळीवरून टप्प्याकडे बघितलं. "म्हणजे पायांबरोबर येतं. टप्प्यावरच्या मातीतून इथे, नाहीतर इथून तिथे." मग ते ह्यांच्याकडे वळले. आवाज खाली आला. "तुम्हांला हे टप्प्यावर मिळालं त्याच्या आदल्या वर्षी, पावसात, आपण घाटमाथ्यावर होतो. हे शेवाळ होतं त्याच जागी. तिथून तुम्ही मुंबईला न येता परस्पर घरी आला होतात. आठवतं?"

"हो."

"तेव्हा पायांत काय होतं?"

पडवीच्या पायरीशी ह्यांच्या चपला पडल्या होत्या. सगळ्यांनी तिकडे बघितलं. मला प्रश्न कळला. ह्यांच्याच चपलांना लागून दाणा आला असेल, तर शेवाळ इथलं नव्हेच, आणि शोधही शोध नव्हे. दुसऱ्या चपला होत्या म्हटलं की झालं. कोण बघायला आलं होतं? मी मनात म्हटलं, बोला, दुसऱ्या होत्या म्हणून बोला. हे मी खरंच म्हटलं मनात, आणि आदल्या दिवशी त्यांच्याकडून खरं वदवून घेणारीही मीच.

"ह्याच," हे म्हणाले. "माझ्याकडे दुसऱ्या नव्हत्या. घरी आल्यावर इथेच धुतल्या."

मग मामंजी म्हणाले, "पण मी लहानपणापासून ह्या दगडावर पाय धुतोय. इथे हिरवं नेहमीच असतं."

"देठ होता का त्याला?" प्रोफेसरांनी विचारलं.

"ते कोण बघतो हो?"

"म्हणून शाई लावता येत नाही," प्रोफेसर म्हणाले. "पेन्सिल राहील." ते ह्यांच्या अगदी समोर आले. "पण पुडी खरी होती. मी संशय घेतला, तो चुकीचा होता. कॉलेजात ज्यांच्या मनात तो आला, त्यांच्यापुढे सांगेन."

त्यांनी तसं सांगितलं असावं. त्यानंतर नोकरी कायम झाली आणि थंडी पडायच्या आत मी मुंबईला गेले. छापील कागदावर ह्यांचं नाव कधी आलं नाही. त्याबद्दल ते बोलत नसत. मात्र जन्मभर कुठे जायचं असो की कुठून यायचं असो, चपला आधी घासून धुवायचे, तळवे उलटे करून बघायचे. चाळीतल्या बायका नळावर ते बघून हसत. मीही वैतागत असे, कारण नळाचं पाणी ठरल्या वेळी बंद होई.

पुढच्या गणपतीला आम्ही घरी गेलो. पाखाडी खरवडलेली होती, आमचा टप्पाही. सासूबाईंनी आता वाडीत सगळं सांगून टाकलेलं होतं. आदल्या वर्षी झाकून ठेवलं त्याचा वचपा काढल्यासारखं सांगितलं होतं. खालच्या घरातले भावोजी खोरं घेऊन फाटकातून आत आले आणि दोणीकडे वळले, तशा त्या पडवीतून ओरडल्या:

"तिथे हात लावायचा नाही हां! तिथे आमच्या मुलाची नोकरी आहे."